नवसाचा रेझिस्टन्स

शेवटचा स्क्रू सुटला, झाकण निघालं, आणि गरुडाक्ष कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यात आनंद वानखडेला स्वतःचा मूर्खपणा दिसला. आधी वाटलं चष्म्याचा दोष. चष्मा पुसला, बोर्ड दिव्याखाली धरला, भिंगातून बघितलं. लेन्सच्या बुडाशी बाकीचे सगळे भाग शिस्तीत ओळीनं बसलेले, आणि त्यांच्यामध्ये तो एकटा तिरका. तांदळाच्या कणीएवढा एक रेझिस्टन्स. खंडेनवमी होती आज. बारा वाजता पूजा, आणि पूजेत मांडलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत कोणी हात लावायचा नाही हा गाळ्याचा नियम त्यानंच घालून दिलेला, म्हणून सकाळीच स्क्रूड्रायव्हर घेऊन तो हे काम उरकायला बसला होता. बाजारात दुसऱ्याचा नवा कॅमेरा आला की तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक नग गुपचूप आणवायचा आणि उघडून बघायचा, ही पद्धत सगळ्यांचीच. गरुडाक्षवालेही त्याचे कॅमेरे असेच उघडत असणार. धंद्यात याला पोस्टमॉर्टम म्हणतात. फक्त इथं मेलेला बऱ्याचदा बघणाराच असतो. या कॅमेऱ्याची किंमत त्याच्या कॅमेऱ्यापेक्षा जवळजवळ निम्मी, चित्र मात्र तसंच स्वच्छ, हे कसं जमवतात ते त्याला बघायचं होतं. आता ते कळलं होतं.

त्या तिरक्या रेझिस्टन्सची गोष्ट गाळ्यातल्या सगळ्यांना पाठ होती. त्यानं बिबवेवाडीत हा गाळा घेऊन ‘पहारा’ नावाचे सीसीटीव्ही कॅमेरे करायला सुरुवात केली, तेव्हा अंधार पडला की चित्रावर एक पांढरी रेघ वरून खाली सरकायची. सोसायटीचे सेक्रेटरी फोन करून सांगायचे, वानखडे, चोर दिसत नाही पण तुमच्या कॅमेऱ्यात भूत छान दिसतंय. त्यानं सगळं करून बघितलं. शेवटी वैतागून, जिथं काही कारण नव्हतं अशा ठिकाणी एक रेझिस्टन्स बसवला, सरळ जागा नव्हती म्हणून तिरका, आणि रेघ गेली. पुढं कधीतरी कळलं की रेघ येत होती ती भिकार अडॅप्टरमुळे, आणि त्याच सुमारास अडॅप्टरवाला बदलला होता. रेझिस्टन्सचा काडीचा संबंध नव्हता. पण तो काढायला कोणी धजेना. मथुराबाई तेव्हापासून लाइनवर आहेत. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या सायेब, नवसाचा हाय त्यो.” झालं, तेव्हापासून तो नवसाचा. बोर्ड लहान झाला, सेन्सर बदलले, डिझायनर आम्रपालीनं तर सगळी मांडणी नव्यानं केली, तरी नवसाचा आपल्या जागी, तसाच आडवातिडवा. आम्रपालीनं आल्या आल्या विचारलं होतं, “सर, याचा काही उपयोग नाही ना?” तो म्हणाला, “नाही.” तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि नवसाचा ठेवून दिला. अक्कल दोन माणसांना सारखी सुचू शकते, हे त्यानं आयुष्यभर धंद्यात बघितलं होतं. पण हा खुळेपणा दुसऱ्या कोणाला, त्याच जागी, त्याच कोनात सुचणं शक्य नव्हतं. गरुडाक्षकडे त्याच्या बोर्डाच्या डिझाइनची फाईल होती.

फाईल तिघांकडेच. तो, उत्कर्षा आणि आम्रपाली. उत्कर्षावर संशय घ्यायचं मनात आलंच नाही. मुलगी जन्मली त्याच वर्षी नोकरी सोडून त्यानं धंदा सुरू केला आणि पाटी लावली, उत्कर्षा इलेक्ट्रॉनिक्स; आता ती एमबीए होऊन खरेदी-विक्री बघते, म्हणजे कंपनी आणि मुलगी यांच्यात त्याला कधी फट दिसलीच नव्हती. उरली आम्रपाली. आणि एकदा ती उरल्यावर मन किती भराभर काम करायला लागलं! हल्ली ती जिन्यात जाऊन फोनवर बोलते. गेल्या पगारवाढीला नुसतं “ठीक आहे सर” म्हणाली. गरुडाक्षच्या एका माणसाला प्रदर्शनात तिनं ओळख दाखवली होती, हसलीसुद्धा होती. नऊ वर्षांत न दिसलेल्या गोष्टी नऊ मिनिटांत दिसायला लागल्या. ती मुलाखतीला आली तो दिवस आठवला. कुठली गं तू? चंद्रपूर. अरे, मी अमरावतीचा, आपण एकाच बाजूचे, असं म्हणून तो मोकळेपणानं हसला होता, आणि मग आडनाव काय म्हणून विचारलं होतं. खोब्रागडे, ती म्हणाली. तो क्षणभर गप्प झाला होता. अगदी क्षणभर. त्यानंतर त्यानंच तिला नोकरी दिली, बायकोनं नाक मुरडलं तेव्हा तिची बाजू घेतली, दिवाळीला घरी जेवायला बोलावलं, आणि प्रत्येक वेळी आपण हे करतोय याची त्याला आतून जाणीव होती, थोडं बरंही वाटायचं. आज संशय तिच्यापाशी किती बिनबोभाट जाऊन बसला, जशी जागा राखूनच ठेवली होती. हे त्याला दिसलं. दिसून त्याला स्वतःची किळस आली. तरी त्यानं बेल वाजवली आणि तिला बोलावलंच.

हॉलमध्ये बायका टेबलं पुसत होत्या, झेंडूचा उग्र वास केबिनपर्यंत आला होता. आम्रपाली हात पुसत आत आली. तिनं आज साडी नेसली होती. ती दरवर्षी पूजेच्या तयारीला मदत करायची, हात मात्र जोडायची नाही. बायकांनाही आता त्याचं काही वाटत नसे. त्यानं बोर्ड तिच्यासमोर सरकवला. तिनं वाकून बघितलं, भिंगाची तिला गरज पडली नाही.

“हा गरुडाक्षचा आहे,” तो म्हणाला.

“हो, दिसतंय.”

“आपला आहे हा.”

“हो सर.”

तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते असायला हवं होतं, असं त्याला वाटलं, आणि उरलासुरला संकोच गेला. “नव्या मॉडेलचं कपाट, सर्व्हरची खोली,” तो म्हणाला, आणि आवाज आपला नसल्यासारखा सपाट आला. “किल्ल्या इथं ठेव. याचा छडा लागेपर्यंत.”

ती सरळ उभी राहिली. थकली की ती त्याच्याशी हटकून गावाकडच्या बोलीत बोलायची, काहून सर, जेवले नाही का अजून, असं. आता ती अगदी वर्तमानपत्रातल्यासारखं स्वच्छ मराठी बोलली. “मला काही विचारायचं आहे का आपल्याला?” तो बोर्डाकडं बघत राहिला. तिनं पर्समधून किल्ल्या काढल्या, गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि दोन्ही टेबलाच्या कडेला ठेवलं. ओळखपत्र त्यानं मागितलं नव्हतं. ते नको, असं म्हणायला हवं होतं. काचेतून त्याला दिसलं, ती मथुराबाईंशी काहीतरी बोलली, हसली, आणि बाहेर गेली. खाली तिची स्कूटर पहिल्या झटक्यात सुरू झाली.

पेढे आणि झेंडूच्या माळा घेऊन उत्कर्षा आली तेव्हा तो तसाच बसला होता. ती आली की गाळ्यात जरा वेग यायचा. हे इथं का, ते तिथं का, चला आवरा. तिला बघून त्याला भडभडून आलं. त्यानं बोर्ड दाखवला, म्हणाला, बघ, आपल्याला लुटलं. आम्रपालीचं मात्र बोलला नाही; का नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. उत्कर्षानं बोर्ड उलटा करून मागच्या बाजूचे बारीक इंग्रजी आकडे वाचले आणि माळ सोडवत सोडवत म्हणाली, “बाबा, चोरी वगैरे काही नाही. तो आपल्याच व्हेंडरचा लॉट आहे.”

“कोणता व्हेंडर?”

“शेन्झेनचा, चीनमधला. अहो, गेल्या वर्षी कोटेशनसाठी फाईल पाठवली नव्हती का मी? त्यांनी सॅम्पल केलं, एकदम क्लीन. मार्चपासून आपले अर्धे बोर्ड तिथूनच येतात, सगळे भाग भरून. तुम्ही सह्या केल्यात.”

सह्या त्यानं केल्या होत्या. बोर्ड बाहेरून भरून घेतो, एवढं तिनं सांगितलं होतं, आणि बाहेर म्हणजे भोसरी असं त्यानं धरलं होतं. लाइनवरची पहिली चार टेबलं उन्हाळ्यापासून रिकामी दिसायची, ते मंदीमुळे असेल म्हणून तो दुसरीकडं बघायचा. “मग ते त्यांच्याकडे कसं गेलं?”

“व्हेंडरनं विकलं. तो कशाला थांबेल? डिझाइन चांगलं आहे, चालतं आहे, त्यानं सगळ्यांना दिलं. गरुडाक्ष घेतं, सुरतवाले घेतात, त्या दिल्लीच्या दोन ब्रँडमध्येही हाच आहे. बाहेरचं डबडं वेगळं, स्टिकर वेगळा.” ती हसली, जरा अभिमानानंच. “म्हणजे इंडियात लो-एंडला बाबा तुमचाच बोर्ड नंबर वन आहे.”

“मग आपली स्पर्धा कोणाशी आहे?”

“प्राइसशी. आणि तिथं आपण हरतोय, कारण ते फक्त डबी लावतात आणि आपण अजून अर्धे बोर्ड इथं बसून भरतो. मी दिवाळीनंतर बोलणारच होते तुमच्याशी. सगळंच तिथून घेऊ. वीस टक्के वाचतात. नाहीतर दोन वर्षं, बाबा. फार तर.”

तिचं बरोबर होतं. ते बरोबर असण्याचाच त्याला राग आला. त्याला वाटत होतं की आपण बाहेरच्या कोणाशी तरी झुंजतोय, मोठ्या परदेशी कंपन्यांशी, गरुडाक्षशी, तपकीर गल्लीतल्या बिनबिलाच्या मालाशी. किंमत आणखी थोडी खाली, नफा आणखी थोडा कमी, सेक्रेटरींना दिवाळीची भेट, नगरसेवकाच्या माणसाला फोन. आणि हा सगळा काळ हडपसरपासून हिंजवडीपर्यंत फाटकाफाटकावर त्याचाच बोर्ड त्याला पाडत होता. कोणी हरवलं म्हणून ओरडावं, तर समोर कोणी नव्हतं. लहानपणी अमरावतीला आठवडी बाजारात बापाबरोबर तो कापूस घेऊन जायचा. आपलाच कापूस व्यापाऱ्याच्या ढिगात पडला की बाप त्या ढिगाकडं बघत उभा राहायचा, आपला कोणता ते शोधत. तेव्हा त्याला बापाचं हसू यायचं. यातून बाहेर पडायचं म्हणून तर तो शिकला, पुण्याला आला, पेठेत कॉट बेसिसवर राहून मेसचं पातळ वरण जेवला, लोकांच्या ‘विदर्भातले का तुम्ही?’ला हसून हो म्हणत राहिला. स्वतःची वस्तू करायची, तिच्यावर आपलं नाव असेल. मग एकदम त्याला टेबलाच्या कडेला ठेवलेल्या किल्ल्या दिसल्या, आणि हे सगळे विचार किती सोयीचे आहेत ते कळलं. मुलगी बोलत होती तेवढा वेळ त्यानं आम्रपालीचा विचारच केला नव्हता.

तो जिन्यात गेला. ती जिथं उभं राहून बोलायची तिथंच रेंज चांगली होती. आत केबिनमध्ये फोन लागतच नाही, हे त्याला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. आम्रपालीनं लगेच फोन घेतला. मागं गाड्यांचे भोंगे वाजत होते, कोणीतरी अकोला, अकोला म्हणून ओरडत होतं.

“चूक झाली माझी,” तो म्हणाला. “फाईल उत्कर्षानं पाठवली होती.”

“माहीत आहे, सर.”

“तुला माहीत होतं?”

“माझ्याकडूनच घेतली त्यांनी. सरांना मी सांगते म्हणाल्या. मला वाटलं, सांगितलं असेल.”

“अगं मग सकाळी बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठं? किल्ल्या मागितल्या. आणि तुमच्या मुलीचं नाव तुमच्या तोंडावर मी घेतलं असतं, तर तुम्ही खरं मानलं असतं का?”

मानलं असतं, असं तो म्हणाला नाही. तेवढं खोटं त्याला जमलं नाही, आणि खरं म्हणायचंही धाडस झालं नाही. “परत ये,” तो म्हणाला. “मी सगळ्यांसमोर माफी मागतो तुझी.”

“सगळ्यांसमोर काही झालंच नाही ना सर. कोणाला काही कळलेलं नाही. तुम्हाला आणि मला माहीत आहे फक्त.” आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यानं तो समजावून काढला असता, ती कला त्याला होती. “दसऱ्याला मी दीक्षाभूमीला जाते, दरवर्षी. आई येते चंद्रपूरहून. यंदा नव्या मॉडेलसाठी थांबले होते, आईला नाही म्हणून कळवलं होतं. आता निघालेय. गाडी लागली सर, ठेवते.” त्यानं घाईघाईनं विचारलं, नागपूरहून आल्यावर येशील ना? ती म्हणाली, “नाही येणार,” आणि तिनंच फोन ठेवला.

हॉलमध्ये सगळी हत्यारं एका टेबलावर मांडली होती. सोल्डरिंगच्या बंदुका, चिमटे, स्क्रूड्रायव्हर, हळदीकुंकवाची बोटं, प्रत्येकावर एकेक फूल. रिकाम्या पडलेल्या चार टेबलांनाही बायकांनी माळा घातल्या होत्या. त्यानं आरती केली. टाळ्यांचा आवाज पत्र्याच्या छतावर आदळत होता, आणि तो एकेक चेहरा बघत होता. दिवाळीनंतर यातल्या कोणाला काय सांगायचं, कोणी मुलीच्या कॉलेजसाठी ओव्हरटाइम मागितला होता, कोणाचा नवरा घरी बसलाय. आपण यांना फसवतोय ही भावना खरी होती, पण ती फार वेळ टिकत नव्हती, कापूर विझल्यावर उरणाऱ्या वासाएवढीच. प्रसाद वाटता वाटता मथुराबाई थांबल्या.

“आम्रपालीम्याडम कुटं गेल्या वो सायेब? मगाशी म्हनल्या, मावशी येते. म्या म्हनलं खाली गेल्या आसतील.”

उत्कर्षानं मान वर केली. सगळ्या बायका त्याच्याकडं बघायला लागल्या.

“नागपूरला गेली,” तो म्हणाला. आवाज स्पष्ट आला, सहज आला. “दसऱ्याला जाते ना ती. मीच म्हटलं, जा.”

“आसं व्हय. बरं झालं, आईला भेटंल,” मथुराबाई म्हणाल्या, आणि पुढच्या बाईच्या हातावर पेढा ठेवला.

बायका निघायच्या गडबडीत होत्या तेव्हा उत्कर्षा केबिनमध्ये आली आणि दार लावून घेतलं. किल्ल्यांजवळचं ओळखपत्र तिनं बघितलं होतं. “काय झालं बाबा?” त्यानं सांगितलं. काही गाळलं नाही. आडनावाचं तेवढं सांगितलं नाही. तिच्यावर ढकलायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण सांगता सांगता ‘तू मला आधी बोलली असतीस तर’ हे आलंच. त्याला वाटलं ती चिडेल. आपल्याला वेड्यात काढेल, ओरडेल, आत्ताच्या आत्ता गाडी काढा म्हणेल. तो त्यासाठी तयार होता. त्याला ते हवंच होतं. कोणीतरी ते करायला पाहिजे होतं.

ती खुर्चीत बसली, मोबाइल हातात उलटासुलटा करत राहिली. “वाईट झालं,” ती म्हणाली. “असं व्हायला नको होतं. खरंच.” बाहेर शटरजवळ बायका कशावरून तरी मोठ्यानं हसल्या. ते हसणं संपेपर्यंत ती थांबली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, “पण बाबा, चिडू नका. सगळे बोर्ड बाहेरून आल्यावर डिझायनर ठेवून करणार काय होतो आपण? दिवाळीनंतर तिला सांगावंच लागणार होतं. महिनाभर मला झोप नाही, कसं सांगू तिला म्हणून. तुमच्याकडून तर ते झालंच नसतं.” तिनं मोबाइल टेबलावर ठेवला. “आता निदान सांगावं तरी लागणार नाही.”

बोलायला त्यानं तोंड उघडलं. तिनं नोकरी सोडलेली नाही, मी तिला चोर ठरवलं, असं म्हणायचं होतं. हे दोन्ही एक नव्हे, असं बजावून म्हणायचं होतं. शब्द जुळत होते, फक्त त्यांच्यामागं ढकलायला काही उरलं नव्हतं. म्हणजे ती जाणारच होती. आज नाही तर महिन्यानं, त्यानं किल्ल्या मागितल्या असत्या किंवा नसत्या, गेलीच असती. सकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी हळूच उठून बाजूला झालं, आणि त्याला हायसं वाटलं. अगदी पुरतं हायसं वाटलं. ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्यानं मान खाली घातली, पण उशीर झाला होता. मुलीनं ते बघितलं होतं, आणि तीही सैल होऊन खुर्चीत मागं रेलली.

“चहा सांगू?” तिनं विचारलं.

“सांग,” तो म्हणाला.